निळ्याचा एक थेंब

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी बातमी, मग काम. बातमी अशी की मला पहिलं काम मिळालं. माझं स्वतःचं. वर कुणी साहेब नाही, सही माझी आणि शिव्याही मलाच. दातांच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात पेशंट ज्या खोलीत थांबतात, ती नव्याने सजवायची आहे. बारा फूट बाय पंधरा फूट, एक लहान खिडकी, तीही उत्तरेला, आणि भिंती इतक्या पांढऱ्या की बसणारा माणूस आत जायच्या आधीच निम्मा घाबरतो. मी परवा तासभर तिथे नुसती बसून राहिले. आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. समोर बघायला काहीच नव्हतं, त्यामुळे सगळे तो आवाजच ऐकत होते. एका गृहस्थांनी तेच वर्तमानपत्र चार वेळा उलगडलं आणि चार वेळा घडी घालून ठेवलं.

म्हणून मी ठरवलं की समोरची एक भिंत तपकिरी करायची. चॉकलेटी नाही, कॉफी नाही. उन्हात तापलेल्या मातीचा असतो तो, हात ठेवावासा वाटणारा तपकिरी. बाकीच्या भिंती सायीच्या रंगाच्या, बाक लाकडाचे, कोपऱ्यात एक पिवळा दिवा. हे सगळं मी मोठ्या ऐटीत डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "तपकिरी रंग मी दिवसभर लोकांच्या दातांवरून खरवडून काढते. आणि तो तुम्ही माझ्या भिंतीला लावणार?"

शेवटी असं ठरलं की ३१ मार्चपर्यंत मी ती एक भिंत रंगवून दाखवायची. त्यांना पटली तर सगळी खोली माझी. नाही तर सगळं पांढरं, आणि ते त्यांचे मेहुणे करणार. मेहुण्यांनी पांढऱ्या रंगाच्या दोन बादल्या आणून जिन्याखाली ठेवल्यासुद्धा. जाता येता मला दिसाव्यात अशाच ठेवल्या आहेत.

तर काम हे, की मला तुझं हाताने रंगवलेलं नमुन्याचं कार्ड हवं. दुकानात यंत्रातून निघणारे चाळीस तपकिरी बघून झाले, सगळे कपाटाच्या पॉलिशसारखे. मला तो हवा जो तू माझ्या खोलीला दिला होतास, मी दहा वर्षांची असताना. मागे "हा तोच" असं लिहिलेलं कार्ड मी कितीतरी दिवस वहीत ठेवलं होतं, मग कुठे गेलं कोण जाणे. फोनवर फोटो पाठवू नकोस. फोटोतला रंग खरा नसतो हे तूच शिकवलंयस.

मामीला नमस्कार.

तुझी लुडबुड

&nbsp;

८ फेब्रुवारी

प्रिय लुडबुड,

पत्र वाचून मामीला दोनदा वाचून दाखवलं आणि तिसऱ्यांदा शेजारच्यांना. पहिलं काम, तेही भिंतीचं. आमच्या घराण्यात अखेर कुणीतरी मार्गाला लागलं. तुझ्या आईने बँकेत नोकरी धरली तेव्हाच मी आशा सोडली होती.

कार्ड सोबत आहे. तुझ्या खोलीचाच रंग, नव्याने कालवला. पिवडी, काव आणि निळा. पिवडी म्हणजे तो मातकट पिवळा आणि काव म्हणजे विटकरी लाल, विसरली असशील म्हणून सांगतो. काळा चुकूनही घालू नकोस. काळ्याने तपकिरी मरतो, निळ्याने नुसता शांत होतो. अडतीस वर्षं रंगाच्या दुकानात उभा राहून मी शिकलो ते एवढंच, बाकी सगळं गिऱ्हाइकांशी गोड बोलणं.

आणि एक. कार्ड हातात धरून खिडकीपाशी उभं राहून कौतुक करू नकोस. ते भिंतीवर चिकटव, आणि पेशंट बसतो तिथे जाऊन बस. रंग बघणारा उभा असतो आणि रंगाबरोबर राहणारा बसलेला असतो. सगळे घोटाळे तिथून होतात.

आम्ही मजेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात जातोच. यंत्र आलं तरी जुन्या भिंतीशी जुळवायची वेळ आली की त्यांना अजून मीच आठवतो. हल्लीचे दिवे मात्र बेकार. कितीही मोठा दिवा लावा, प्रकाश आजारी. आणि दूधही पिवळट येतं, मी दूधवाल्याला सांगितलं तर तो हसला. मामी त्याचीच बाजू घेते.

डॉक्टरबाईंना सांग, दातावरचा तपकिरी वेगळा आणि मातीचा वेगळा. हे ज्याला कळत नाही त्याने दात तरी कसे ओळखावेत.

मामा

ता. क. कार्डाच्या मागे लिहिलंय. हा तोच.

&nbsp;

२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

भिंत झाली. आणि कामाचं घोडं पहिल्याच ओढ्यात अडलं.

खरं सांगू का, पाकीट उघडलं तेव्हाच मी कार्ड उजेडात धरून दोनदा बघितलं होतं. कार्ड मला जांभळट वाटलं. पण तुझं कार्ड, मागे "हा तोच", तेव्हा म्हटलं चुकत असेल तर माझा डोळा चुकतोय. आपल्या घरात तुझ्या कार्डावर कुणी शंका घेतल्याचं मला आठवत नाही. आईने तर एकदा नवा सोफा परत पाठवला होता, कार्डाशी जुळत नाही म्हणून. तर मी रंगाऱ्याला कार्ड दिलं, त्याने ते बोटाबोटाने जुळवलं आणि दोन दिवसांत भिंत उभी केली. अगदी हुबेहूब कार्डासारखी.

डॉक्टरबाई आल्या. हातमोजे काढले, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी पेशंटचा गाल असा दिसतो." मागे मेहुणे उभे होते. त्यांनी खोकला आल्यासारखं केलं.

मामा, त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी बाकावर बसून बघितली, तू सांगितलंस तशी. मार लागून काळानिळा पडावा तशीच दिसते. एक आजी आत आल्या, भिंत बघून म्हणाल्या, "इथे ओल आलीय का?"

मला अजून एक संधी दिलीय, तीही मी तोंड एवढंसं करून उभी होते म्हणून. तारीख तीच, ३१ मार्च. कार्ड पुन्हा बनवशील का? आणि रागावू नकोस.

लुडबुड

&nbsp;

२ मार्च

लुडबुड,

रागावलो नाही. रागावलो असतो तर पोस्टकार्ड पाठवलं असतं.

कार्ड बरोबर होतं. अडतीस वर्षांत माझं कार्ड परत आलेलं नाही. तुझा रंगारी एक तर डबा ढवळत नसेल, नाही तर त्याने दुसरा हात पहिला ओला असतानाच मारला. शिवाय ती उत्तरेची खिडकी. उत्तरेच्या उजेडात माणसंसुद्धा जांभळी दिसतात, तुझ्या मेहुण्यांना बघितलंस ना नीट? ते तुझे नाहीत, डॉक्टरबाईंचे, पण तू समजलीस.

तरी तुझ्या समाधानासाठी नवं कार्ड पाठवतोय. जरा जास्त ऊबदार केलाय. दोन दिवस बसलो त्याच्यावर. मामी जेवायला बोलवत होती तरी उठलो नाही, त्यामुळे ती सध्या माझ्याशी मोजकंच बोलते.

मागे लिहिलंय नेहमीचं.

मामा

&nbsp;

७ मार्च

प्रिय मामा,

कार्ड मिळालं. छान आहे.

एक छोटीशी मदत हवी. सोबत दोन कार्डं पाठवतेय, मागे क आणि ख लिहिलंय. माझ्या दोन मैत्रिणींमध्ये पैज लागलीय की यातलं जास्त ऊबदार कोणतं. दोघी अडून बसल्यात, म्हटलं निकाल तुझ्याकडून आणू. फार विचार करू नकोस, बघितल्या बघितल्या काय वाटतं ते कळव. आणि कार्डं तुझ्याजवळच ठेव.

मामी अजून मोजकंच बोलतेय का?

लुडबुड

&nbsp;

११ मार्च

लुडबुड,

तुझ्या मैत्रिणींना सांग, दोघींनी मिळून कुठेतरी जाऊन चहा प्या. क आणि ख एकच आहेत. एकाच डब्यातून दोनदा काढलेत आणि मला मामा बनवायला बघताय, तर तो मी आधीपासून आहेच. पैज बरोबरीत.

भिंतीचं काय झालं ते लिहीत नाहीस. नव्या कार्डाने रंगवलीस का?

मामा

&nbsp;

(याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

बाळा,

हे मी पाकीट चिकटवायच्या आधी घातलंय, त्याला माहीत नाही. तो चष्मा शोधतोय, चष्मा त्याच्या डोक्यावर आहे, मी सांगितलेलं नाही.

ती दोन कार्डं टेबलावर पडली होती ती मी बघितली. मला रंगातलं काही कळत नाही, पण एक विटेसारखं आहे आणि एक वांग्यासारखं, एवढं मलाही दिसतं. त्याला दिसत नाही. वर्षभर झालं असेल. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती त्याला कडी दिसतात म्हणतो. पांढरा शर्ट पिवळा पडला म्हणून धोब्याशी भांडला, शर्ट पांढराशुभ्र होता.

दुकानात जानेवारीत त्याने कालवलेल्या रंगाचे तीन डबे परत आले. मालक चांगला माणूस, म्हणाला थोडे दिवस आराम करा. हा तरीही मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाचा डबा घेऊन निघतो. मी एकदा भाजी आणायला गेले तेव्हा बसस्टॉपवर बसलेला बघितला. डबा उघडून जेवत होता. मी दुसऱ्या रस्त्याने घरी आले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, मला अडतीस वर्षांचा डोळा आहे. मोतीबिंदू असणार, दुसरं काय, आमच्या इमारतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा काढून झालाय. पण माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकला तर ऐकला.

मामी

&nbsp;

१५ मार्च

प्रिय मामा,

पैज लावणाऱ्या मैत्रिणी नव्हत्या. मी खोटं लिहिलं, आणि तुझ्याशी खोटं लिहिताना मला अजिबात बरं वाटलं नाही.

क मी कालवला होता, माझ्या लहानपणच्या खोलीच्या आठवणीवरून. ख हा तुझ्या दुसऱ्या कार्डाचा कापलेला तुकडा होता. तुझंच कार्ड, मामा. क आणि ख एक नाहीत. ते इतके वेगळे आहेत की मी दोन्ही चहावाल्याला दाखवले तर तो म्हणाला, "हे बरं आहे, आणि हे कशाला?" "हे कशाला" म्हणताना त्याने बोट ठेवलं ते ख वर.

तुझा हात चुकला नाही. तुझी रीत चुकली नाही. तुझ्या डोळ्यावर पिवळी काच चढलीय, म्हणून तुला निळा दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तू तो घालत राहतोस. हे मी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, मोतीबिंदूत असं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मग म्हणाले की तुमचे मामा माणूस गोड दिसतात, त्यांना लवकर आणा. मी तुझं पत्र वाचून दाखवलं होतं.

पहिल्या भिंतीबद्दल मी तुझ्यावर मनातून चिडले होते, तेही सांगून टाकते. पण चिडायला हवं होतं स्वतःवर. कार्ड जांभळं दिसत होतं आणि मी माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्याकडून एवढी वर्षं शिकून एवढंच शिकले का मी?

मला आता कार्ड नको. मला मापं हवीत. पिवडी किती, काव किती, निळा किती. ती तुझ्या डोळ्यात नाहीत, डोक्यात आहेत, आणि डोक्याला काही झालेलं नाही. आज १५ तारीख. बादल्या जिन्याखाली आहेत.

तुझी लुडबुड

&nbsp;

२० मार्च

लुडबुड,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग मामीने चिकटवलं. मग मी वाचलं.

तुला एक सांगतो, तुझ्या आईला सांगू नकोस. पहिलं कार्ड कालवताना मी निळ्याचा एक थेंब घातला, नेहमीसारखा. काही फरक दिसला नाही. म्हणून दुसरा घातला. मग तिसरा. दुसऱ्या कार्डाच्या वेळी मी अकरा थेंब मोजले. अकरा. अडतीस वर्षांत कधी दोन घातले नाहीत. तरी मी मागे "हा तोच" लिहिलं, कारण ते लिहिलं नसतं तर मग मी कोण, असं मला वाटलं. भीती वाटली, बाळ. दुसरं काही नाही.

तुझी भिंत माझ्यामुळे गेली. त्याबद्दल मामाला माफ कर.

आता मापं. पांढऱ्याच्या अर्ध्या डब्याला पिवडी सात चमचे, काव तीन चमचे. सपाट चमचे, मामीसारखे शिगोशीग नाहीत. नीट ढवळ, रात्रभर झाकून ठेव, सकाळी पुन्हा ढवळ. मग निळ्याचा एक थेंब. एकच. पण ही मापं तुझ्या लहानपणच्या खोलीची आहेत. त्या खोलीत दुपारचं ऊन भिंतीवर पडायचं. तुझ्या दवाखान्यात ऊन नाही. तिथे थेंब घालायचा की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. आधी कधी असं म्हटलं नसेल मी. बाकावर बस आणि तू ठरव.

अठ्ठावीस तारखेला उजव्या डोळ्याचं आहे. मामी बरोबर येतेय. ती आता भरपूर बोलते.

मामा

&nbsp;

१ एप्रिल

प्रिय मामा,

पट्टी निघाली का? मामीने हे वाचून दाखवावं. मामी, मधले विनोद गाळू नकोस.

सत्तावीस तारखेला रंग कालवला. सपाट चमचे, रात्रभर झाकण, सगळं तू म्हणालास तसं. सकाळी निळ्याची बाटली हातात घेऊन मी त्या खोलीत गेले. भिंतीवर दोन पट्टे मारले, एकात थेंब, एकात नाही. मग बाकावर बसले. पेशंट येत होते, माझ्या शेजारी बसत होते, दुखऱ्या गालाला हात लावून. मी दुपारपर्यंत बसले. थेंबाचा पट्टा चांगला होता, अगदी माझ्या खोलीचा. पण त्या उत्तरेच्या उजेडात तो जरा मागे सरकलेला वाटत होता, आपल्याशी न बोलणाऱ्या माणसासारखा. बिनथेंबाचा पट्टा मात्र तिथे असायला हवा असा होता. फार भीती वाटली. तुझ्या रीतीतली एक गोष्ट मी पहिल्यांदाच गाळत होते, आणि तीही तुला न विचारता. बाटलीचं बूच लावलं आणि रंगाऱ्याला म्हटलं, असाच मार.

काल एकतीस. डॉक्टरबाई शेवटचा पेशंट आटोपून बाहेर आल्या. भिंतीकडे बघितलं. बाकावर बसल्या. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी प्रथमच बघितलं. बसल्या बसल्या चपला काढल्या. मग म्हणाल्या, "अठरा वर्षांत मी कधी इथे बसले नव्हते." पुढे म्हणाल्या, "बाकीच्या भिंती कधी सुरू करताय?"

बादल्यांचं म्हणशील तर मेहुणे स्वतः उचलून घेऊन गेले. सायीचा रंग करायला पांढरा लागतोच, तेव्हा एक मी त्यांच्याकडून मागून घेतली. त्यांनी दिली. माणूस वाईट नाही, उत्तरेच्या उजेडात तसा दिसतो इतकंच.

खोली झाली की ये. तू बघेपर्यंत माझ्या मनाला चैन नाही. थेंब गाळल्याबद्दल रागवायचं असेल तर समोर येऊन रागव.

लुडबुड

&nbsp;

२४ एप्रिल

प्रिय लुडबुड,

हे पत्र मी स्वतः लिहितोय, उजव्या डोळ्याने. डावा अजून जुनाच आहे, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात. सध्या माझ्याकडे दोन जगं आहेत आणि मी दिवसभर एक एक डोळा झाकून बसतो. मामी म्हणते, शेजारच्या बाईंना वाटतं हा डोळा मारतो.

दूध पांढरं आहे. धोब्याची माफी मागितली. माझी वर्षभरातली सगळी कार्डं काढून टेबलावर मांडली आणि बराच वेळ बघत बसलो. मग सगळी फाडली. एवढे वांग्याचे रंग आपण हसत हसत लोकांना दिले, याचं फार वाईट वाटलं. मामी म्हणाली, आता रडू नकोस, थेंब घालायचे असतात डोळ्यात, बाहेर काढायचे नसतात.

आता एक कबुली. सोमवारी मी तुझ्या दवाखान्यात येऊन गेलो. तुला सांगितलं असतं तर तू शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली असतीस, आणि मला भिंत बघायची होती. पहाटेच्या बसने गेलो, पेशंट म्हणून नाव लावलं, बाकावर बसलो. आधी जुन्या डोळ्याने बघितली. त्या डोळ्याला ती फार आवडली, पण त्याला सध्या सगळंच तपकिरी दिसतं, तेव्हा त्याचं मत धरू नकोस. मग नव्या डोळ्याने बघितली.

थेंब घातलेला नाही हे मला दारातूनच कळलं. मी असतो तर घातला असता. आणि मी चुकलो असतो.

माझ्या शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी एकदाही घडी घातली नाही. आतून यंत्राचा आवाज येत होता म्हणे, मला तो बाहेर पडल्यावर आठवला. माझं नाव पुकारलं तेव्हा उठावंसं वाटेना. डॉक्टरबाईंनी माझी एक दाढ हलते म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना सांगितलं की तुमची भिंत माझ्या भाचीची आहे. त्या म्हणाल्या, "भिंत माझी आहे, रंग तिचा." बाई हुशार आहेत. मी परत येताना सगळी वाट तेच म्हणत आलो.

दुकानात गेलो होतो. मालकाने कुणाच्या तरी जुन्या घराच्या भिंतीचा तुकडा पुढे केला, ऊबदार तपकिरी, उत्तरेची खोली. माझ्या खिशात तुझं क होतं, पत्रातून आलेलं. काढून बाजूला ठेवलं आणि जुळवायला बसलो. पुढच्या शुक्रवारी पुरं होईल.

तुझं क सोबत पाठवतोय. मागची बाजू बघ, नेहमीचं लिहिलंय. बघून झालं की लगेच परत पाठव, पुढच्या शुक्रवारी दुकानात लागणार आहे.

मामा